अप्पांनी पक्कं केलेलं झाड

तुम्ही खोटं लिहिलंय. खेळणीघराच्या समितीत बसणाऱ्या पाचही जणांना एकदमच सांगते, म्हणजे प्रत्येकाला शेजारच्याकडे बघायची सोय राहायला नको. तुमच्या दारावरच्या कागदात चार ओळी आहेत आणि त्यातली तिसरी धडधडीत खोटी आहे: ‘सदर सभासदाने हेतुपुरस्सर नासधूस केली.’ हेतू काय होता हे तुम्ही धड विचारलं नाहीत. नासधूस झाली का, हे बघायला वरच्या खोलीतून खाली उतरला नाहीत. कागद मात्र चारही कोपऱ्यांना टेप मारून असा चिकटवलात की चिकटवण्याच्या बाबतीत अप्पांनीही हात जोडावेत.

‘सदर सभासद’ म्हणजे आमचे अप्पा. माझे वडील. बावन्न वर्षं सुतारकाम केलेला माणूस. हात थरथरायला लागल्यावर करवत ठेवली आणि गेली चार वर्षं दर शनिवारी दुपारी तीन ते सहा तुमच्याकडच्या दुरुस्तीच्या टेबलाशी बसायचे. तुमच्या कागदाच्या चौथ्या ओळीनं ते टेबल त्यांच्याकडून काढून घेतलंय. मला तुमची माफी नको, सभासदत्व नको. ते टेबल परत पाहिजे. त्यासाठी झालं ते सगळं लिहिते. मी चाव्या बनवते, त्यामुळे लिहिणं खरखरीत असेल. बोचलं तर बोचलं.

एक आधीच कबूल करते, तुमचं खेळणीघर चांगलं आहे. पुस्तकासारखं खेळणं घरी न्यायचं, तीन आठवडे खेळायचं, परत आणायचं. मोडलं तर कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवायचं. चाक निखळलेली गाडी, हात उपटलेली बाहुली, दोरी तुटलेलं लाकडी बदक, सगळं अप्पांपुढे. थरथरत्या हातानं ते असं काही जोडायचे की पुन्हा तुटायची हिंमत व्हायची नाही त्या वस्तूची. ‘काकांनी हात लावलेलं खेळणं परत टेबलावर येत नाही,’ हे वाक्य माझं नाही, तुमच्या अध्यक्षांचं आहे. दोन वर्षांपूर्वी माईकवरून बोलले होते. टाळ्याही घेतल्या होत्या.

आता झाडाकडे येते.

माझी मुलगी नऊ वर्षांची. नाव सांगत नाही, सगळे ठिणगीच म्हणतात. आठ महिने ती तुमच्या यादीत होती, त्या झाडावरच्या घरासाठी. नंबर लागला तेव्हा डबा आणायला आम्ही दोघी गेलो आणि पाळीपाळीनं उचलत आणला. आत तीन हजारांच्या घरात तुकडे, वेगवेगळ्या पिशव्यांत. जाडजूड खोड, फांद्या, त्यांच्यावर तीन खोल्या, गोल जिना, एक झोका, दोरीनं वर ओढायची टोपली, अंगठ्याएवढा न्हाणीघराचा टब आणि नखाएवढ्या पुस्तकांचं कपाट. पानांच्या दोन पिशव्या वेगळ्या, एक हिरवी, एक पिवळी-तांबडी. म्हणजे हवी तेव्हा पानगळ करायची.

अप्पांनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. “इथं लिहिलंय, पानं वनस्पतीपासून केलेल्या प्लास्टिकची.”

“मस्त ना आजोबा?”

“आणि खोड?”

“साधं प्लास्टिक.”

“म्हणजे झाड प्लास्टिकचं आणि पानं झाडाची. कारखान्यात कुणीतरी डबे उलटे धरले बघ.”

चार संध्याकाळी दोघं जमिनीवर बसून होते. पुस्तिकेत एक शब्द नाही, नुसती चित्रं, हे अप्पांना फार आवडलं. “ज्यानं हे काढलंय तो कामाचा माणूस आहे. बडबड नाही.” ठिणगी तुकडे शोधायची, अप्पा दाबून बसवायचे. थरथरणारी बोटं त्या बारक्या खुंट्यांवर मात्र शहाण्यासारखी वागायची. तुकडा बसला की ते नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचे, कलिंगड घेताना ऐकतात तसा. पहिलंच काम केलेल्या माणसासारखे खूश होते. खोड, खोल्या, छपरं, सगळं उभं राहिलं आणि ठिणगीनं ते दोन्ही हातांनी उचललं, मला दाखवायला.

गोल जिना तिच्या हातात आला. बाकीचं झाड जमिनीवर.

“काही नाही आजोबा, ते तसंच असतं. दाबलं की बसतं.”

“तसंच असतं म्हणजे? घराचा जिना हातात येतो आणि तसंच असतं?”

त्यांनी तो जिना उलटासुलटा केला. डोळ्यांजवळ नेला. “जोड बघ. केसभर फट नाही. काय सफाईचं काम आहे! मग शेवटचा हात का सोडला? एवढं सगळं करायचं आणि पक्कं करायचंच नाही?”

मी दिवसभर दुकानातून येऊन मोरीत हात धूत होते. नखांत अडकलेला पितळेचा कीस निघत नाही लवकर. तिथूनच ओरडले, “मग करा की पक्कं! तुम्हाला कोण अडवतंय?”

चेष्टेत म्हणाले. पण म्हणाले मी. तुमच्या कागदावर माझं नाव नाही, ते असायला हवं होतं. घ्या लिहून.

दुसऱ्या दिवशी ठिणगी शाळेत, मी दुकानात. अप्पांनी आधी पांढरा सुतारी गोंद लावला. सुकल्यावर तो पापुद्र्यासारखा निघून आला. मग ते खालच्या मजल्यावरच्या प्लंबरकडे गेले.

“काय काका, नळ गळतोय?”

“झाड सुटतंय.”

प्लंबरनं पुढं काही विचारलं नाही. त्याच्याकडे येणारी माणसं काय वाट्टेल ते बोलतात. त्यानं पाइप जोडायच्या सोल्यूशनचा अर्धा डबा आणि एक जुना ब्रश काढून दिला. “जपून हं. हे एकदा धरलं की देवबाप्पालाही सुटायचं नाही.” अप्पांना नेमकं तेच हवं होतं.

दोन दिवस लागले त्यांना, आम्ही दोघी बाहेर असताना; संध्याकाळी झाडावर चादर आणि ‘हात लावू नका.’ खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला फडकं बांधून, ते अख्खं झाड वरून खाली सुटं केलं आणि खालून वर पुन्हा चढवलं, प्रत्येक खुंटीला सोल्यूशनचं बोट लावत. पानं तेवढी ऐकेनात. कितीही लावा, सुकल्यावर टिचकीनं पडायची. पानांचं हे अपयश त्यांनी फार मनाला लावून घेतलं. जेवताना म्हणाले, “सगळं झालं. पानांचं तेवढं राहिलं.”

“काय झालं अप्पा?”

“पक्कं.”

ठिणगी उठली, झाडाजवळ गेली, छपराला हात घातला. छप्पर हललं नाही. झोक्याचा खांब ओढला. हलला नाही. जिना धरून झाड उचललं, तर अख्खं झाड जिन्याला लोंबकळत वर आलं. अप्पांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ना, ते तुमच्यातल्या एकानं जरी बघितलं असतं तर तो कागद लिहायला पेन सापडलं नसतं.

“आजोबा,” ठिणगी हळू म्हणाली, “पुढच्या मुलानं काय करायचं?”

“पुढच्या मुलानं राहायचं. बांधून झालंय ना.”

ठिणगीनं माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं. बावन्न वर्षं लोकांची घरं, दारं, पलंग जोडून दिलेला माणूस. पाडण्यासाठी कुणी घर बांधतं, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं, आणि ते शिरवायची आम्हा दोघींची छाती झाली नाही. भित्र्या आम्ही. हे पण घ्या लिहून.

शनिवारी अप्पांनी शेजाऱ्यांची हातगाडी मागून आणली. डब्यात आता झाड मावत नव्हतं. गाडीवर झाड उभं, एका हातानं खोड धरलेलं, मागं ठिणगी रिकामा डबा घेऊन, त्याच्या मागं मी मान खाली घालून. वाटेत चार लोकांनी विचारलं, “काका, हे काय?” चौघांनाही त्यांनी गाडी थांबवून जिना ओढून दाखवला. “ओढा, ओढा. जोर लावा.”

काउंटरवरच्या ताईंनी झाड बघितलं आणि टाळी वाजवली. “अगंबाई! किती सुरेख बांधलंत! फोटो काढून ठेवते हं. काका, आता सुटं करून पिशव्यांत भरू या, पुढच्या नंबरचा माणूस आलाय न्यायला.”

“सुटं?”

“हो, पिशव्यांवर नंबर आहेत, सोपं आहे.”

“का?”

“म्हणजे काय काका? त्यांना बांधायला नको?”

 अप्पांनी त्या न्यायला आलेल्या माणसाकडे बघितलं. त्याच्या हाताला धरून उभ्या असलेल्या त्याच्या पोरीकडे बघितलं. मग झाडाकडे. मग स्टुलावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझं चुकलं. मी खेळणंच घेऊन टाकलं पोरांचं. घर ठेवलं आणि खेळणं घेतलं.”

हे तुम्हाला काउंटरवरच्या ताईंनी सांगितलंय. लेखी दिलंय त्यांनी, मला माहीत आहे. ते कुठल्या फायलीत गेलं?

गुरुवारी तुम्ही बोलावलंत. लांब टेबल, पाच खुर्च्या त्या बाजूला, आमच्या बाजूला एक. मी उभी. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “आपण गोंद लावलात हे खरं?”

“लावला. पण गोंदानं धरलं नाही.”

“मग?”

“मग सोल्यूशन आणलं. पाइपाचं.”

“म्हणजे पहिल्यांदा जमलं नाही म्हणून आणखी जालीम काहीतरी शोधून आणलंत?”

“हो. काम अर्धं सोडत नाही मी.”

अध्यक्षांनी शेजारच्याला खूण केली आणि शेजारच्यानं लिहिलं: हेतुपुरस्सर. मी तिथंच होते, मला उलटं वाचता येतं. गिऱ्हाइकाच्या चाव्यांवरचे नंबर मी रोज उलटेच वाचते.

मी म्हटलं, “साहेब, चार वर्षं यांनी तुमचं जे जे निखळलेलं होतं ते पक्कं केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. हेही निखळलेलं दिसलं, हेही पक्कं केलं. आणि ‘करा’ म्हणणारी मी आहे.”

“बाई, आपण मध्ये बोलू नका.”

“मी नवीन आणून देते.”

“ते आता बनत नाही. एकवीस कुटुंबं रांगेत आहेत. त्यांना काय सांगू?”

प्रश्न रास्त होता.  अप्पांकडे उत्तर होतं, ते म्हणाले, “मी जाऊन सांगतो एकेकाला. पत्ते द्या.” तुम्ही पत्ते दिले नाहीत. तुम्ही कागद दिलात.

त्याला दहा आठवडे झाले. आमच्या घरात आता एकही वस्तू डुगडुगत नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. सगळ्या खुर्च्या दोन-दोन वेळा घट्ट झाल्यात. कपाटाचं दार इतकं घट्ट झालंय की उघडताना मी पाय लावते. माझ्या दुकानाचं शटर, शेजारणीचा पाट, ठिणगीची पट्टी, जे हाताला लागेल ते. नवरा पंधरा दिवसांनी ट्रक घेऊन घरी आला तर त्याच्या सीटचे बोल्ट आवळायला खाली गेले. तो मला म्हणाला, “तुझ्या बापाला काहीतरी मोडून दे गं, नाहीतर आता मलाच आवळतील.” आणि दर शनिवारी दुपारी दोन वाजता अप्पा दाढी करतात, स्वच्छ शर्ट घालतात आणि मग तिथंच कॉटवर बसून राहतात. सहा वाजेपर्यंत. याच्यावर मला विनोद सुचत नाही.

इकडे झाडाचं काय झालं, तेही सांगते.

काउंटरवरच्या ताईंच्यानं ते टाकवलं नाही. खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर त्यांनी ते ठेवलं, त्याचं काय करायचं हे तुम्ही ठरवेपर्यंत. ठिणगीचं कार्ड तुम्ही बंद केलं नव्हतं, उपकार झाले. ती गेली, झाडाजवळ उभी राहिली, आणि एक हिरवं पान ओढलं. ते निघालं. दुसरं ओढलं. तेही. तासाभरात तिनं अख्खं झाड बोडकं केलं आणि ताईंकडून पिवळी-तांबडी पिशवी मागून घेतली. तिचं बघून एक आला, त्याचं बघून तिघी आल्या. कुणी अर्धं झाड हिरवं, अर्धं तांबडं केलं. एकीनं सगळी पानं एकाच फांदीला लावून तिचं नाव ‘केस न कापलेली’ ठेवलं. कुणी घरून बारकी माणसं आणून खोल्यांत भाडेकरू ठेवले, त्यांची भांडणंही लावून दिली. बाहुली टोपलीतून वर जाते, जिन्यानं खाली येते, पुन्हा वर. टबात तर रोज कुणी ना कुणी असतंच.

मी प्लंबरला विचारलं, पानं कशी काय सुटली? तो म्हणाला, “वहिनी, ते मऊ प्लास्टिक वेगळं. पाण्याच्या टाकीचं झाकण असतं ना, त्याच जातीचं. झाडापासून करा नाहीतर कशापासून करा, त्याला माझं सोल्यूशन धरतच नाही.” अप्पांनी जे अपयश मनाला लावून घेतलं होतं, त्याच्यावर तुमची पोरं खेळतायत.

आणि ती रांग? एकवीस कुटुंबांतली पोरं आता आठ महिने थांबत नाहीत. शाळा सुटली की येतात. बांधायचं सुख गेलं त्यांचं, ते मी नाकारत नाही. अप्पाही नाकारत नाहीत. पण एक सांगा, दिवसाला पंधरा-वीस पोरं त्या जिन्याला लटकतात, खोडावर रेलतात, परवा एक दोन वर्षांचं बाळ तर फांदी तोंडात धरून उभं होतं. साधं बसवलेलं झाड पहिल्या दुपारीच टेबलाखाली गेलं असतं. याचा एक तुकडा हललेला नाही. अजून.

मग तुमचं माहितीपत्रक आलं. रंगीत, गुळगुळीत. पहिल्याच पानावर आमचं झाड! खाली अक्षरं: ‘नवे आकर्षण: ऋतू बदलणारे झाड. संकल्पना: समिती.’ शेजारी अध्यक्ष, हसतायत, कोपर थेट छपरावर टेकलंय. टेका, टेका. जोर लावा.

मी ते पत्रक घरी आणून अप्पांपुढे टाकलं. वाटलं, संतापतील. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “फांदी डावीकडे झुकलीय जरा. सुकताना टेकू द्यायला हवा होता.”

“अप्पा! ते बघा ना काय लिहिलंय!”

“बघितलं.”

“राग नाही येत?”

“तुला आलाय ना? मग बास. एका घरात किती जणांनी चिडायचं?” मग चष्मा काढत म्हणाले, “टेबलावरची खेळणी कोण बघतं गं हल्ली?”

कुणी नाही. काउंटरखाली दोन खोकी भरलीत, तिसरं लागलंय. ताईंनी दाखवली मला. सगळ्यात वर एक लाकडी बदक, दोरी तुटलेलं. अप्पांना सांगितलं तर ते उठून बसले. “त्यांना सांग, मी आता विचारल्याशिवाय थेंब लावणार नाही. प्रत्येक वस्तूला विचारीन, हे सुटं राहायचंय का पक्कं व्हायचंय. ठिणगी बसेल शेजारी. ती सांगेल.” ठिणगी म्हणाली, “मी सांगेन, पण आजोबा ऐकतील का?” ते म्हणाले, “नाही ऐकलं तर ब्रश काढून घे.” ती म्हणाली, “ब्रश आधीच माझ्याकडे आहे.” होता. दप्तरात. दहा आठवडे.

तेव्हा आता सरळ विचारते. एकच वस्तू दारावर नासधूस आणि पत्रकावर आकर्षण, असं चालणार नाही. नासधूस असेल तर पत्रकं परत गोळा करा, झाड उचलून फेका, आणि दुपारी चार वाजता खिडकीजवळच्या त्या पंधरा पोरांना तुमच्यापैकी एकानं खाली येऊन सांगा की का फेकलं. मी बघायला येते. आणि आकर्षण असेल तर ‘संकल्पना’पुढे खरं काय ते छापा, किंवा काहीच छापू नका, पण दारावरचा तो कागद काढा. टेप निघत नसेल तर मला बोलवा, माझ्याकडे पाती आहेत.

दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं. उत्तर तोंडी नको, ‘बघू’ नको, ‘पुढच्या बैठकीत ठेवतो’ तर मुळीच नको. कागदावर पाहिजे, पाचही सह्यांनिशी, शुक्रवार संध्याकाळच्या आत: येत्या शनिवारी तीन वाजता माझा बाप त्या टेबलाशी बसणार आहे की नाही?